पाठीवर लिहिलेलं काम

माझा चुलतभाऊ गोरख ओव्हाळ सत्तेचाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्या पाठीवर कुणी काही लिहिलं नव्हतं. कारखान्यात होता तेव्हा शर्टाच्या खिशावर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव असायचं, तेही धुऊन धुऊन गेलं. मग तो लोणावळ्याला, पर्यटकांना भाड्यानं देतात तसल्या एका बंगल्यावर केअरटेकर म्हणून लागला आणि मालकानं त्याला एक लालभडक टी-शर्ट दिला. पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, ‘लाइफगार्ड’. गळ्यात अडकवायला शिट्टीसुद्धा.

कामशेतला माझं औषधांचं दुकान आहे. आमच्या वडिवळ्याची टमटम तिथूनच सुटते, त्यामुळे लोकलमधून उतरला की गोरख माझ्या पायरीवर येऊन बसायचा. पहिल्यांदा तो टी-शर्ट बघितला तेव्हा मी म्हणालो, "काय गोरखदादा, आता बुडणाऱ्यांची काळजी मिटली म्हणायची!" तो हसला नाही. पिशवीतून त्यानं घरचा शर्ट काढला, टी-शर्टावरूनच चढवला आणि त्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावली.

गोरखला पोहता येत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, वडिवळ्याचा माणूस, घराच्या ओट्यावरून धरणाचं पाणी दिसतं, आणि पोहता येत नाही म्हणजे काय? मालकाला तरी दुसरं काय वाटणार? साळगावकर त्याचं नाव, राहतो मुंबईत. मुलाखत झाली ती फोनवर. "गाव कुठलं?" "वडिवळे." "धरणाजवळचं ना? मग पोहायला येतच असेल." गोरख म्हणाला, "हं." झालं काम. आमच्या वस्तीतल्या माझ्या वयाच्या माणसांना विचारलंत तर निम्म्यांना पोहता येत नाही, मलाही येत नाही. का येत नाही ते पुढं सांगतो. पण हे आम्हाला कधी कुणी विचारत नाही आणि आम्ही कधी सांगत नाही.

त्या ‘हं’बद्दल गोरखला फार बोल लावू नका. त्यानं ऐन उमेदीची वर्षं बेगडेवाडीला उतरून एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात घालवली होती. आमच्या वस्तीतला पहिला कायम कामगार तो. इस्त्रीचा शर्ट, बुटाला पॉलिश, लोकलचा पास खिशात. विठाबाई, म्हणजे त्याची आई, माझी चुलती, विहारात बायकांना सांगायची, "माझा गोरख परमनंट हाय." मग कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. माणसं इथंच राहिली. दीड-दोन वर्षं गोरख घरी होता. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कामशेतला यायचा आणि माझ्या दुकानात जाहिरातींसकट पेपर वाचून काढायचा. गिऱ्हाईक आलं की उठून उभा राहायचा, म्हणजे त्याला वाटायचं आपण अडचण करतोय.

त्याचा मुलगा पवन सोमाटण्याला एका गॅरेजमध्ये कामाला लागला होता. पोरगा गुणी, तोंडानं कधी वावगं बोलला नाही. पण आधी बापाला विचारल्याशिवाय चप्पल घेत नसे, तो आता मोटारसायकल दारात उभी केल्यावर दाखवायला लागला. गोरख मला म्हणाला होता, "सुहास, घरात मी हाय, पण कुणाला काय इचारायचं असलं तर माझ्यावरनं नजर पुढं जाती." असं बोलणारा माणूस नव्हे तो. त्याला ते फार लागलं होतं.

बंगल्यावरच्या नोकरीची बातमी दिली ती बबितानं. धरणाच्या पल्याडच्या डोंगरात वाडी आहे, तिथली ती. त्याच बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. "गोरखभाऊ, मानूस पायजे त्यास्नी, तुमी या," म्हणाली आणि गोरख गेला. पण त्याचं मन त्या कामात कधी लागलं नाही. चावी द्यायची, चावी घ्यायची, बर्फ आणायचा, वीज गेली की जनरेटर चालू करायचा, सकाळी बाटल्या गोळा करायच्या. रात्रभर गाणी लावून नाचलेली पोरं दुपारी बारापर्यंत घोरत पडायची आणि हा लांब दांड्याची जाळी घेऊन पोहण्याच्या टाकीवरची पानं काढत बसायचा. काम कसं चाललंय विचारलं की म्हणायचा, "काम कसलं, दिवस ढकलायचा." पानं काढतानाही काठापासून हातभर मागं उभा राहायचा.

मग एप्रिलमधला तो रविवार आला. पुण्याची तीन कुटुंबं उतरली होती. मोठी माणसं नाश्त्याला आत गेली, जाताना एकजण गोरखला म्हणाला, "काका, तुम्ही आहात ना इथं? लक्ष ठेवा." गोरखनं मान हलवली. पोरं उथळ बाजूच्या पायऱ्यांवर खेळत होती. त्यातली एक चारेक वर्षांची मुलगी पायरीवरून सरकत सरकत पुढं गेली आणि तिच्या पायाखालची फरशी संपली.

गोरखनं ते बघितलं. तो मोबाईलवर नव्हता, झोपला नव्हता, त्यानं ते नीट बघितलं. म्हणूनच त्याला दुसऱ्या कुणाच्या माथी काही मारता आलं नाही. तो पळाला. काठापर्यंत गेला आणि तिथं त्याचे पाय थांबले. पाणी त्याच्या छातीएवढं होतं की डोक्यावर, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. इतके महिने त्याच काठावर राबला, पण खोली कधी विचारली नाही, कारण विचारलं असतं तर ‘तुला माहीत नाही?’ असं कुणीतरी म्हणालं असतं. गळ्यात शिट्टी होती, ती वाजवायचं सुचलं नाही. हातात लांब दांड्याची जाळी होती, ती पुढं करायचं सुचलं नाही. पोरीचे केस पाण्यावर पसरलेले दिसत होते. गोरखच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"बबिता!"

बबिता कणकेच्या हातानं पळत आली. थांबली नाही, पदर खोचला नाही, लुगड्यासकट टाकीत उडी मारली. पोरीला वर उचलून तिनं काठावरच्या गोरखच्या हातात दिली. "पालथी धरा," म्हणाली. गोरखनं पालथी धरली, पाठीवर थापटलं. पोरगी खोकली, पाणी ओकली आणि मोठ्यानं रडली. तोपर्यंत बबिताला जळका वास आला. तवा गॅसवर राहिला होता. ती तशीच ओली मागच्या दारानं आत गेली.

मोठी माणसं धावत बाहेर आली तेव्हा त्यांना काय दिसलं? लाल टी-शर्टातला माणूस, पाठीवर लाइफगार्ड, अंगावर पाणी, हातात त्यांची पोरगी. बापानं गोरखला मिठी मारली. आई त्याच्या पाया पडायला वाकली. कुणीतरी फोटो काढला. गोरख मला म्हणाला, "मी बोललो रं सुहास. मी न्हाई, ती, असं म्हनालो. पर आवाज निगाला का न्हाई, ठावं न्हाई." मला विचाराल तर निघाला नसावा.

तो फोटो दुपारपर्यंत इंटरनेटवर गेला. बंगल्याचं नाव, गोरखचं नाव, खाली लोकांनी जोडलेले हात. साळगावकरचा फोन आला, "वा गोरख, बुकिंगा वाढणार बघ आता!" आणि संध्याकाळी पवननं बापाचा फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, ‘माझे पप्पा’. रात्री जेवताना त्यानं बापाला विचारलं, "पप्पा, किती खोल होतं पाणी?" किती दिवसांनी तो बापाला काहीतरी विचारत होता. गोरख म्हणाला, "होतं बरंच." आणि अर्ध्या ताटावरून उठला.

आमच्याकडं कुणाचं काही बरं झालं की आधी फ्लेक्स लागतो. पोरगं दहावी पास होवो नाहीतर पुढाऱ्याची सून बाळंत होवो. वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याच्या वळणावर, पवननं आणि त्याच्या मित्रांनी दहा फुटी फ्लेक्स लावला. मधोमध गोरख पोरीला घेऊन उभा, वर ‘जीवनरक्षक मा. गोरख ओव्हाळ यांचे हार्दिक अभिनंदन’, खाली शुभेच्छुकांची रांग, सगळी पोरं काळे चष्मे लावून. गोरखनं तो टमटममधून बघितला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "हे काढता येईल का?" मला वाटलं लाजतोय. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

बुद्धपौर्णिमेला विहारात सत्कार ठरला. सूत्रसंचालन माझ्याकडं. वंदना झाली, खिरीचं पातेलं बाहेर उकळत होतं, सगळी वस्ती आली होती. विठाबाई पुढच्या ओळीत भिंतीला टेकून बसलेली. आम्ही गोरखला शाल घातली, फुलांचा गुच्छ दिला, संविधानाची उद्देशिका फ्रेम करून दिली. पवन मोबाईलवर सगळं टिपत होता. मी म्हणालो, "आता गोरखदादा दोन शब्द बोलतील."

गोरख माईकजवळ आला. शाल त्याच्या खांद्यावरून घसरत होती, ती सावरायचंही त्याला भान नव्हतं. तो म्हणाला, "मी काय केलं न्हाई." थांबला. परत म्हणाला, "खरंच सांगतो. मी काय बी केलं न्हाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी त्याच्या हातातून माईक घेतला आणि म्हणालो, "बघा, याला म्हणतात मोठेपणा!" पुन्हा टाळ्या. त्या टाळ्यांत गोरख असा उभा होता, जणू कुणीतरी त्याला भर चौकात उघडा केलाय. मला ते तेव्हा दिसलं नाही. मी माझ्या वाक्यावर खूश होतो.

कार्यक्रम उरकून आम्ही त्याच्या घरी खीर खायला बसलो. दिवेलागण व्हायची होती. वहिनी वाट्या भरत होती, पवन व्हिडिओ परत परत लावून बघत होता. विठाबाईला आता नीट दिसत नाही, पण कान तिखट आहेत. वाटीतली खीर बोटानं चाखत ती म्हणाली, "गोरख्या, तुला पवायला कवा यायला लागलं रं?"

व्हिडिओतल्या टाळ्या तेवढ्या वाजत होत्या.

पवन हसला. "आजी, असं काय विचारतेस? पप्पा काय आज शिकलेत?"

"मी त्याची आय हाय. मला म्हाईत हाय त्याला काय येतं अन् काय न्हाई."

गोरखनं वाटी खाली ठेवली. मी बोलायला गेलो, त्यानं हातानंच थांबवलं. मग त्यानं पवनकडं न बघता सगळं सांगितलं. पाय कसे थांबले, हातातली जाळी, बबिताची उडी, जळका तवा. कुठं काही झाकलं नाही. उलट जिथं स्वतःची बाजू घेता आली असती तिथंही घेतली नाही. पवननं व्हिडिओ बंद केला. मोबाईल खिशात घातला. "मी फ्लेक्स लावला," एवढंच म्हणाला. "मी आख्ख्या गॅरेजला दाखवला." मग बाहेर जाऊन त्यानं मोटारसायकल चालू केली आणि गेला. वहिनी त्याच्या मागं दारापर्यंत गेली.

विठाबाईनं चाचपडत वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "समदा दोष माझा हाय. मीच तुला पान्याभायेर ठिवला. नदीच्या वरच्या डोहात गावातली पोरं पवायची. आपली जागा खाली, धुन्याची, गुडघाभर पान्याची. आपल्यातलं पोर वर गेलं अन् काय वंगाळ झालं, तर कुनापाशी बोलायचं? तुझ्या बापानं गावकीची कामं सोडल्याली, लोक आधीच खाऊ का गिळू करत व्हते. म्हनून मी फोक घिऊन बसायची."

हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. माझ्याही आईच्या हातात तसाच फोक असायचा.

"तू मारलंस म्हनून न्हाई गं आये," गोरख म्हणाला. "मी गेलतो एकदा. तुला न सांगता. पान्यात उतरलो. पोरं पवत व्हती. मला बघितलं अन् एकेक करून भायेर पडली. शिवी दिली न्हाई, दगुड मारला न्हाई. नुसती भायेर पडली, कापडं उचलली अन् गेली. समदा डोह माझ्या एकट्याचा."

"मग?" विठाबाईनं विचारलं.

"मग काय. मी बी भायेर पडलो."

दुसऱ्या दिवशी तो शाल घडी घालून बंगल्यावर घेऊन गेला. बबिता भाकरी थापत होती. त्यानं शाल ओट्यावर ठेवली. "बबिता, ही तुझी हाय. मला पवता येत न्हाई."

"ते मला त्याच दिशी कळलं," बबिता म्हणाली. "पवणारा मानूस काठावर हुबा ऱ्हाऊन बायामानसाला हाका मारतो व्हय? अन् शाल मला कशाला? घरच्या चुलीच्या धुरात चार दिसांत काळी व्हईल." तिनं भाकरी उलटली. "तुमी शाल दिऊन मोकळं व्हाल, गोरखभाऊ. मी कुटं मोकळी हाय? त्या दिसापास्नं भाकरी थापताना माझा एक डोळा पान्याकडं. माझं काम चुलीचं हाय. तुमचं काय हाय हितं?"

संध्याकाळी दुकानात तो मला म्हणाला, "चावी, बर्फ, जनरेटर, समदं जिभेवर आलतं रं. बोलायची लाज वाटली."

हल्ली मोबाईलवर कोट घातलेली माणसं सांगत असतात, पन्नाशीकडं आलात, आता आपल्या कामाचा अर्थ शोधा. त्यांचा मला वैताग येतो. गोरखला कसला अर्थ शोधायला लागला नाही. त्याचं काम त्याच्या पाठीवर लिहिलेलं होतं, आल्यागेल्या सगळ्यांना दिसत होतं, एकट्या त्याला सोडून. आता दिसलं तर ते येत नव्हतं.

त्यानं टी-शर्ट काढून धुतला, घडी घातली आणि साळगावकरला फोन लावला. साळगावकर म्हणाला, "अरे, पण सांगायला कुणी सांगितलं तुला? नुसतं घालून बसायचं." गोरख म्हणाला, "न्हाई घालणार." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मालकाला नाही म्हटलं असावं. साळगावकर तापला, म्हणाला पावसाळ्याच्या गर्दीआधी पोहणारा माणूस बघतो, मग तुझं काय करायचं ते ठरवू. नोकरी अशी अधांतरी लटकली.

तरी गोरखनं थांबायचं नाव घेतलं नाही. बांबू आणून टाकीभोवती कंबरेएवढं कुंपण केलं, फाटकाला वर कडी लावली, पोरांचा हात पोचणार नाही अशी. जाळीचा लांब दांडा आणि ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब काठावर टांगली. दांडा मध्यभागी बुडवून खोली बघितली. पाणी त्याच्या हनुवटीएवढं होतं. नुसता उतरून चालत गेला असता तरी पोरगी हाताला लागली असती. हे सांगताना तो माझ्या पायरीवर बसून रडला. मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

प्रत्येक पार्टी आली की तो चावीबरोबर सांगायचा, "मला पोहता येत नाही. पोरं पाण्यात असताना तुमच्यातला पोहणारा एक माणूस इथं बसला पाहिजे." सांगताना त्याचे कान लाल व्हायचे. काहींनी तोंडावर हसून घेतलं, एका पार्टीनं सामान परत गाडीत टाकलं. एक बाई मात्र म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आणि स्वतः खुर्ची टाकून बसली. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं की बंगला छान आहे, पण केअरटेकर सारखा पोरांवर ओरडतो. गोरखनं ते मला वाचून दाखवलं, आणि खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू बघितलं.

रविवारच्या वंदनेला त्यानं विहारातही सांगून टाकलं. दहाबारा माणसं होती, त्यांनी खाली बघितलं. मी सगळ्यात जास्त खाली बघितलं, कारण मोठेपणाचं वाक्य माझं होतं. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं. पोरं त्याला ‘ओ लाइफगार्ड’ म्हणून हाका मारायला लागली. आणि फ्लेक्स तसाच. आपल्याकडं फ्लेक्स लावायला वीस जण येतात, काढायला कुणी येत नाही. रोज जाता-येता गोरखला वळणावर स्वतःचं तोंड भेटायचं. पवन घरी यायचा, जेवायचा, झोपायचा. बापाशी एक शब्द नाही.

मग बबितानंच त्याला वाडीखालच्या धरणाच्या पाण्यावर बोलावलं. बंगल्यावर आठवड्याच्या मधे कुणी नसतं, तेव्हा दुपारी. "लाज वाटत आसंल तर येऊ नगा," असंही सांगून ठेवलं. लाज वाटतच होती, तरी तो गेला. एकटं जायला नको म्हणून मला घेऊन गेला, मी दुकान बायकोवर सोपवलं. तिथं बबिताची चिंगी आणि विकास, वाडीवरची आणखी पाचसहा पोरं, सगळी आधीच पाण्यात. बबितानं तेलाचा रिकामा कॅन आणला, झाकण घट्ट लावलं आणि दोरीनं गोरखच्या पाठीला बांधला. जिथं लाइफगार्ड लिहिलं होतं बरोब्बर तिथं. टक्कल पडायची वेळ आलेला माणूस, चट्ट्यापट्ट्याची चड्डी, पाठीवर कॅन. चिंगी हसून हसून पाण्यात बसली.

काही दिवस असेच गेले. गोरख नाकातोंडात पाणी घेऊन घरी यायचा. पाय मारायला जमायचं, तळ सुटला की जमेनासं व्हायचं. जूनचे ढग डोंगरावर यायला लागले होते आणि साळगावकरचा फोन कधीही येईल अशी धास्ती होती.

त्या दिवशी मी काठावर त्याचे कपडे मांडीवर घेऊन बसलो होतो. बबिता वरच्या अंगाला धुणं धूत होती. गोरख कॅन बांधून छातीएवढ्या पाण्यात गेला. पोरं त्याच्या आसपास पोहत होती. तेवढ्यात विकासनं काहीतरी बघितलं आणि तो बाहेर पडला. त्याच्या मागं चिंगी. मग तिसरं, चौथं. एकेक करून सगळी पोरं पाण्याबाहेर आली आणि काहीही न बोलता माझ्या मागच्या खडकाच्या दिशेनं गेली. पाणी मोकळं झालं.

गोरख जागच्या जागी उभा राहिला. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला त्याच्याकडं बघवेना. तो सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचा चेहरा नव्हता. त्यानं कॅनच्या दोरीला हात घातला. गाठ सोडायला लागला. एक पाऊल काठाकडं टाकलंसुद्धा. मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडायचं ते सुचत नव्हतं.

"पप्पा, बाजूला व्हा!"

मी वळून बघितलं. खडकावर पोरं रांगेत उभी होती, नाक धरून, गुडघे वाकवून. रांगेच्या टोकाला पवन. मोटारसायकल वर रस्त्याला लावून आला होता, शर्ट खडकावर फेकलेला, गॅरेजचं काळं अजून हाताला. त्याला तिथला पत्ता कुणी दिला, विठाबाईनं की बबितानं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"पप्पा, सरका ना! आम्ही उडी टाकतोय!"

आणि सगळी एकदम पाण्यात पडली, त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, समोर, मागं. इतकं पाणी उडालं की माझ्या मांडीवरचे त्याचे कोरडे कपडे भिजले. पवन पाण्यातून वर आला, डोळे पुसले आणि त्यानं बापाच्या पाठीवरच्या कॅनची सुटत आलेली गाठ परत आवळून बांधली.

गोरख बाजूला सरकला. पण बाहेर आला नाही.